साक्षीदाराचा पत्ता : शास्त्रीय लेखातील संदर्भ आणि त्यांची मांडणी



या वर्षीची कार्यक्रमपत्रिका छापून आली तेव्हा आमच्या युनियनच्या कचेरीत एका जुन्या कामगाराने मला विचारले, "अण्णा, बोनसवर बोलायचे सोडून हे काय काढलेत?" त्याची शंका रास्त आहे. माझे शालेय शिक्षण दहावीला संपले. पुढचे जे काही झाले ते फाउंड्रीतली पहिली पाळी सुटल्यावर नगरवाचनालयात आणि लेबर कोर्टाच्या व्हरांड्यात झाले. शास्त्रीय नियतकालिकात माझ्या नावाची एक ओळही छापून आलेली नाही. तरी हा विषय मी चालकांकडून मागून घेतला. कारण याच विषयात मी एकदा सपशेल आपटलो आहे, आणि आपटलेल्या माणसाला खड्डा कोठे आहे हे नेमके ठाऊक असते.

प्रथम तो खड्डा सांगतो. फाउंड्रीत वाळूचे साचे करतात, त्यांत वितळलेले लोखंड ओततात, आणि ते निवाले की साचा फोडून कास्टिंग बाहेर काढतात. मग त्याला चिकटलेली वाळू झाडावयाची, घासावयाची. त्या वाळूत सिलिका असते. तिची बारीक धूळ वर्षानुवर्षे छातीत गेली म्हणजे फुप्फुसे ताठर होत जातात. या रोगाचे नाव सिलिकोसिस. तो टाळता येतो. पण एकदा जडला की मागे फिरत नाही. आमच्या काही कामगारांना जिना चढताना धाप लागू लागली, तेव्हा मी एक लांबलचक निवेदन लिहिले. त्यात 'तज्ज्ञांच्या मते' हे शब्द सात वेळा आणि 'जागतिक संशोधनाने सिद्ध झाले आहे' हे वाक्य तीन वेळा होते. मला ते फार जोरदार वाटले होते. सुनावणीच्या दिवशी समोरच्या वकिलांनी चष्मा पुसला आणि शांतपणे विचारले, "कोणते तज्ज्ञ? कोणत्या साली लिहिले? कोठे छापले? पान कोणते?"

माझ्यापाशी चारांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर नव्हते. वाळूच्या धुळीने छाती जाते हे माझे म्हणणे खरे होते, पण माझ्या साक्षीदाराला पत्ता नव्हता. आणि ज्याला हुडकून आणता येत नाही तो साक्षीदार कितीही खरा असला तरी कामाचा नसतो.

श्रोतेहो, आजच्या व्याख्यानाचे सार एवढेच आहे. संदर्भ म्हणजे साक्षीदाराचा पत्ता. स्वल्पविराम कोठे, कंस कोठे, साल आधी की नंतर, ही जी बारीकसारीक कटकट वाटते, ती सर्व तो पत्ता पोहोचावा म्हणून आहे.

ही गोष्ट आपल्याला परकी नाही. मराठ्यांच्या इतिहासासाठी वि. का. राजवाडे गावोगाव दप्तरे धुंडाळीत हिंडले, ते कशासाठी? अमुक लढाई अमुक दिवशी झाली असे म्हणणारे पुष्कळ होते. 'कागद दाखवा' म्हणणारे थोडे होते. १८९८ साली त्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड काढला, तेव्हापासून कागदावाचून केलेले विधान आणि कागदासह केलेले विधान यांतला भेद मराठी वाचकाला उमगू लागला.

कामगार चळवळीतल्या माणसाला तर हा धडा कोर्टातच मिळतो. 'एआयआर १९७८ एससी ५४८' ही अक्षरे आमच्यापैकी पुष्कळांना तोंडपाठ आहेत. बंगलोर वॉटर सप्लायच्या खटल्यात त्या काळच्या औद्योगिक विवाद अधिनियमातील 'उद्योग' या शब्दाचा अर्थ सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी ठरविला, त्या निवाड्याचा हा पत्ता आहे. 'एआयआर' म्हणजे ऑल इंडिया रिपोर्टर हा ग्रंथ, १९७८ हे साल, 'एससी' म्हणजे सुप्रीम कोर्टाचा विभाग, ५४८ हे पान. चार लहान तुकडे. पण त्यांच्या बळावर कोणत्याही गावचा वकील कपाटातून नेमके तेच पान काढतो. वकिलाने 'सर्वोच्च न्यायालयाने कोठेसे म्हटले आहे' असे म्हटले तर न्यायाधीश त्याला खाली बसवतील.

शास्त्राने या बाबतीत कायद्याकडून एक गोष्ट उघडउघड उचलली आहे. अमेरिकेत १८७३ पासून शेपर्ड यांच्या नावाची एक सूची वकिलांच्या हाताशी असे. जुना निवाडा पुढे कोणकोणत्या निवाड्यांत उल्लेखिला गेला, टिकला की फिरविला गेला, हे तीत पाहता येई. युजीन गारफिल्ड यांनी १९५५ साली 'सायन्स' नियतकालिकात सुचविले की शास्त्रीय लेखांचीही अशी सूची हवी. आणि १९६४ पासून त्यांची 'सायन्स सायटेशन इंडेक्स' प्रसिद्ध होऊ लागली. कोणाचा लेख पुढे कोणी वापरला हे तेव्हापासून शोधता येऊ लागले. पण ही सारी यंत्रणा एका अटीवर चालते. प्रत्येकाने पत्ता नीट लिहिला पाहिजे.

आता पत्ता लिहावा कसा? याच्या मुख्य पद्धती दोन.

पहिली नाव-सालाची. वाक्याच्या शेवटी कंसात लेखकाचे आडनाव आणि साल द्यावयाचे, आणि लेखाच्या अखेरीस सर्व संदर्भ आडनावांच्या अकारविल्हे लावावयाचे. हार्वर्ड विद्यापीठातील प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्स मार्क यांनी १८८१ साली गोगलगाईच्या जातीच्या एका प्राण्यावरील लेखात अशा रीतीने साल दिले, म्हणून या पद्धतीला हार्वर्ड पद्धत म्हणतात. मानसशास्त्र आणि समाजशास्त्रांत हिचे वेगवेगळे अवतार चालतात. हिचा फायदा असा की वाचताना वाचकाला साक्षीदार कोण आणि किती जुना, हे तेथल्या तेथे कळते.

दुसरी क्रमांकाची. मजकुरात जो संदर्भ प्रथम येईल त्याला १, नंतरच्याला २, असे आकडे घालीत जावयाचे, आणि अखेरची सूचीही त्याच क्रमाने लावावयाची. तोच संदर्भ पुन्हा आला तर त्याला जुनाच आकडा, नवा नाही. वैद्यकात ही पद्धत रूढ आहे. तिचा इतिहास मौजेचा आहे. पूर्वी प्रत्येक नियतकालिकाची तऱ्हा निराळी असे. एकाने लेख परत केला की दुसऱ्याकडे पाठविण्यासाठी सर्व संदर्भ पुन्हा टंकलिखित करावे लागत. १९७८ च्या जानेवारीत काही वैद्यकीय नियतकालिकांचे संपादक कॅनडातील व्हँकूव्हर शहरी अनौपचारिकपणे जमले आणि हस्तलिखितांसाठी समान नियम करावयाचे असे त्यांनी ठरविले. ते नियम १९७९ साली प्रसिद्ध झाले. संदर्भांचा साचा अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाने तयार केलेला होता. म्हणून आज या पद्धतीला व्हँकूव्हर पद्धत म्हणतात. आमच्या भाषेत सांगावयाचे तर दर कारखान्याचा वेगळा करार मोडून साऱ्या धंद्याचा एक करार झाला.

या पद्धतीने लिहिलेला एक खरा संदर्भ घेऊ :

पोर्टर जे, जिक एच. ॲडिक्शन रेअर इन पेशंट्स ट्रीटेड विथ नार्कोटिक्स. न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन. १९८०;३०२(२):१२३.

डावीकडून वाचू या. आधी लेखक, आडनाव पुढे, नावाचे आद्याक्षर मागे, आणि आद्याक्षरानंतर टिंब नाही. लेखक सहापेक्षा अधिक असतील तर पहिल्या सहांची नावे देऊन 'आणि इतर' अशा अर्थाचा शब्द घालतात. मग लेखाचे शीर्षक. त्याचा अर्थ, 'अफूजन्य औषधे दिलेल्या रुग्णांत व्यसन विरळा'. मग नियतकालिकाचे नाव. येथे आपण ते पूर्ण लिहिले. प्रत्यक्षात ग्रंथालयाने ठरविलेले त्याचे संक्षिप्त रूप वापरतात, आपल्या मनचे नाही. मग साल, अर्धविराम, खंड ३०२, कंसात अंक २, अपूर्णविराम, पृष्ठ १२३. एकही चिन्ह शोभेचे नाही. अर्धविरामाच्या अलीकडे साल, पलीकडे खंड. अपूर्णविरामाच्या पलीकडे पान. पत्र्याच्या पेटीवर गल्ली, घर आणि मजला एकाच ओळीत गिचमिड करून लिहिले तर टपालवाला काय करील? हा विशिष्ट नमुना मी मुद्दाम निवडला आहे. का ते पुढे सांगतो.

अलीकडे याला आणखी एक शेपूट जोडतात, त्याचे नाव डीओआय. प्रत्येक लेखाला दहाच्या आकड्याने सुरू होणारा एक कायमचा क्रमांक मिळतो. प्रकाशकाने आपले बिऱ्हाड हलविले, संगणकावरची जागा बदलली, तरी त्या क्रमांकाने लेख सापडावा अशी योजना आहे. ही व्यवस्था १९९७ साली जाहीर झाली आणि २००० पासून शास्त्रीय प्रकाशकांच्या संयुक्त संस्थेमार्फत लेखांना लागू झाली.

आपल्याकडच्या नावांची अडचण येथेच सांगून टाकतो. 'कुलकर्णी एस' असे छापले की महाराष्ट्रातले कुलकर्णी किती आणि त्यांतले 'एस' किती? सुरेश, संजय, सुनंदा, शरद, सगळे एकाच अक्षरात जमा. वडिलांच्या नावाचे अक्षर कधी घातले, कधी गाळले, की एका माणसाची दोन माणसे होतात. दक्षिणेकडे आडनावच नसते, तेव्हा गावाचे अक्षर आडनाव होऊन बसते. कारखान्याच्या हजेरीपटावर तीन शिवाजी पाटील असले की आम्ही काय करतो? टोकन नंबर पाहतो. संशोधकांसाठीही २०१२ पासून ऑर्किड नावाचा सोळा अंकी क्रमांक सुरू झाला आहे. नवशिक्या संशोधकाने तो पहिल्या लेखाआधीच काढावा, आणि आपले नाव जन्मभर एकाच रीतीने छापावे.

हे सर्व मला कोणी शिकविले? आमच्या कामगारांची छाती तपासणाऱ्या एका डॉक्टरबाईंनी. त्या सुनावणीनंतर त्यांनी तपासणीचे निष्कर्ष एका वैद्यकीय नियतकालिकाकडे लेख म्हणून पाठविले. लेख आठवड्यात परत आला. आतला मजकूर कोणी वाचलाही नव्हता. संदर्भ नियमाप्रमाणे नाहीत, एवढाच शेरा होता. बाई मला म्हणाल्या, "अण्णा, तुम्ही कोर्टाची पेपरबुके लावता. हे कागद लावायला बसाल का?" युनियनच्या कचेरीत आम्ही अकरा रात्री बसलो. संदर्भ होते एकेचाळीस.

आमची रीत ती आपणांपुढे ठेवतो; कोणालाही उपयोगी पडेल. नियतकालिकाची 'लेखकांसाठी सूचना' ही पुस्तिका आधी वाचावयाची आणि त्याच नियतकालिकातला एक ताजा लेख नमुना म्हणून शेजारी ठेवावयाचा. मजकुरातल्या प्रत्येक आकड्यावर बोट ठेवून तो सूचीत आहे का पाहावयाचे. मग उलट, सूचीतला प्रत्येक संदर्भ मजकुरात वापरला आहे का पाहावयाचे. तोंडओळखीचे पाहुणे सूचीत नकोत. मध्येच एक संदर्भ वाढला की पुढचे सारे आकडे सरकतात. हाताने हे करताना आमच्या दोन रात्री गेल्या. झोटेरोसारखे विनामूल्य साधन हे काम आपोआप करते, हे आम्हांला नंतर कळले. पण साधनाला तुम्ही चुकीचे साल दिलेत तर ते चुकीचे सालच सुबक छापते. म्हणून पाचवे आणि सर्वांत मोठे काम कोणतेही यंत्र करीत नाही. मूळ लेख उघडावयाचा आणि आपण म्हणतो ते त्यात खरोखर लिहिले आहे का, हे वाचावयाचे. शिवाय तो लेख पुढे मागे घेतला गेला नाही ना, हेही पाहावयाचे. गोवराची लस आणि मुलांतील स्वमग्नता यांचा संबंध सुचविणारा 'लॅन्सेट'मधला १९९८ चा लेख त्या नियतकालिकाने २०१० साली रद्द केला. साक्ष खोटी ठरलेल्या साक्षीदाराला पुन्हा पिंजऱ्यात उभे करावयाचे नसते.

या पाचव्या कामात आमची परीक्षा झाली. कामगारांतील रोगाच्या प्रमाणाचा एक आकडा आम्हा सर्वांच्या तोंडी होता. भाषणात तो टाळ्या घेई. लेखात त्याला संदर्भ होता एका अहवालाचा. अहवाल उघडला, त्यात दुसऱ्या अहवालाचे नाव. दुसरा मिळविला, त्यात एका मासिकाचे नाव. मासिक मिळायला चार दिवस लागले. त्यात त्या आकड्याखाली आधार दिला होता आमच्याच युनियनच्या एका जुन्या पत्रकाचा. श्रोतेहो, ते पत्रक मी लिहिले होते. एका सभेत कोणा वक्त्याच्या तोंडून ऐकलेला आकडा मी रात्री आठवून लिहिला होता. तो चार घरे फिरून, अंगावर नवे कपडे घालून, माझ्याच दारी पाहुणा म्हणून आला होता.

बाईंनी माझ्याकडे पाहिले. आकडा आमच्या बाजूचा होता. ठेवला असता तर कदाचित कोणी धरलेही नसते. मी पेन घेऊन तो खोडला. हात जड झाला, हे कबूल करतो. पण वकिलाचे चार प्रश्न माझ्या कानांत होते. आकडा राहिला असता आणि उद्या कोणी तो माग काढीत माझ्या पत्रकापर्यंत आला असता, तर बाकीचे चाळीस खरे साक्षीदारही त्याच्याबरोबर खोटे पडले असते.

असे आमच्याच बाबतीत घडले असे नाही. कॅलिफोर्नियातील सिमकिन आणि रॉयचौधरी या दोघा संशोधकांनी २००३ साली एक युक्ती केली. प्रसिद्ध लेखांच्या संदर्भांत खंड किंवा पान यांची जी छपाईची चूक होते, तीच चूक पुढे किती जणांनी जशीच्या तशी उतरविली हे त्यांनी मोजले. परीक्षेत दोन मुलांची चूक सारखी निघाली की मास्तर काय समजतात, ते आपण जाणता. त्यांचा अंदाज असा निघाला की संदर्भ देणाऱ्यांपैकी सुमारे वीस टक्केच लोक मूळ लेख वाचतात.

आता मघाच्या नमुन्याकडे येतो. पोर्टर आणि जिक यांचा तो 'लेख' नव्हताच. संपादकाला लिहिलेले अवघ्या पाच वाक्यांचे पत्र होते. त्यात म्हटले होते की रुग्णालयात दाखल असताना ज्या ११,८८२ रुग्णांना अशी औषधे दिली गेली, त्यांपैकी व्यसनाचा पूर्वेतिहास नसलेल्यांत व्यसन जडल्याची बऱ्यापैकी नोंद असलेली उदाहरणे फक्त चार. हे रुग्णालयाच्या खाटेवर, डॉक्टरांच्या नजरेखाली घेतलेल्या औषधाबद्दल होते. घरी नेऊन महिनोन्‌महिने गोळ्या घेणाऱ्यांबद्दल त्यात अक्षर नव्हते. परंतु शीर्षक आटोपशीर आणि पत्ता सुबक. पुढच्या लोकांनी शीर्षक उचलले. २०१७ साली त्याच नियतकालिकात या पत्राच्या उल्लेखांची मोजदाद प्रसिद्ध झाली. ६०८ ठिकाणी ते उद्धृत झाले होते. त्यांपैकी ४३९ ठिकाणी 'व्यसन क्वचितच लागते' याचा पुरावा म्हणून. आणि ४९१ ठिकाणी ते रुग्ण रुग्णालयात दाखल होते ही गोष्टच गाळलेली होती. उल्लेखांची मोठी लाट आली ती १९९६ मध्ये ऑक्सिकॉन्टिन हे औषध बाजारात आल्यावर. त्या औषधाच्या व्यसनाचा धोका कमी भासवून ते विकल्याचा गुन्हा ते बनविणाऱ्या कंपनीने आणि तिच्या तीन वरिष्ठ अधिकाऱ्यांनी २००७ साली न्यायालयात कबूल केला.

अमेरिकेत १९९९ ते २०२१ या काळात अफूवर्गीय द्रव्यांच्या अतिसेवनाने सुमारे ६,४५,००० माणसे मेली. त्याला कारणे अनेक आहेत. सारा दोष एका पत्राला देणे अन्यायाचे होईल. पण कोळशाच्या खाणींचा वेस्ट व्हर्जिनिया प्रांत त्या आगीत फार होरपळला, हे वाचताना माझ्यासारख्याला स्वस्थ बसवत नाही. पाठ मोडून काम करणाऱ्याला दुखण्यावर गोळी मिळते. ती देणाऱ्याला कोणीतरी आश्वासन दिलेले असते. त्या आश्वासनाच्या शेवटी एक लहानसा आकडा असतो, आणि तो आकडा ज्या पानाकडे बोट दाखवितो ते पान उघडून पाहण्याचे काम कोणीच केलेले नसते. मांडणी निर्दोष होती. खंड बरोबर, पान बरोबर. पत्ता बरोबर लिहिला, पण त्या घरी कोणी गेले नाही.

आता तर नवी भीती उभी राहिली आहे. विचारलेल्याचे उत्तर देणारी संगणकयंत्रे निघाली आहेत. ती मागाल तितके संदर्भ क्षणात देतात. लेखक, साल, खंड, पान सर्व झोकात. फक्त लेख अस्तित्वात नसतो. २०२३ साली न्यूयॉर्कच्या एका न्यायालयात दोन वकिलांनी अशा यंत्राने रचलेले निवाडे खरे म्हणून सादर केले. न्यायाधीशांनी पाच हजार डॉलरांचा दंड ठोठावला. पूर्वी बावळट मांडणीवरून खोटा संदर्भ ओळखू येई. आता खोट्याची मांडणी खऱ्याहून नीटनेटकी असते. तेव्हा दारी जाऊन कडी वाजवून पाहण्याला दुसरा पर्याय उरलेला नाही.

डॉक्टरबाईंचा लेख पुढच्या वर्षी छापून आला, चाळीस संदर्भांसह. त्याने कोणाची फुप्फुसे बरी झाली नाहीत. ज्यांच्यासाठी हा खटाटोप आरंभिला त्यांतले दोघे तोवर वारले होते. पण पुढच्या सुनावणीला तेच वकील होते, आणि त्यांनी त्याच शांतपणे विचारले, "कोठे छापले आहे हे?" मी साल सांगितले, खंड सांगितला, पान सांगितले, आणि प्रत टेबलावर ठेवली. त्यांनी चष्मा लावून ते पान वाचले. मग बरोबर आणलेल्या माणसाशी हळू आवाजात काही बोलले आणि तारीख न मागता खाली बसले.

त्या दिवसापासून आमच्या कचेरीत एक नियम आहे. पत्रक लिहिणाऱ्याने प्रत्येक आकड्याच्या पुढे पेन्सिलीने त्याचा पत्ता लिहावयाचा. नसेल तर आकडा गाळावयाचा. नवी पोरे कुरकुर करतात. मी त्यांना माझे ते जुने पत्रक दाखवितो. ते मी फ्रेम करून भिंतीवर लावले आहे.